घराण्याचें मौन आणि रक्ताची परीक्षा

आमच्या सुशिक्षित कुटुंबांच्या संग्रहांत अलीकडे एका नव्या कागदाची भर पडली आहे. जन्मपत्रिका, विम्याचे कागद, मुलांचीं प्रशस्तिपत्रकें आणि दागिन्यांच्या पावत्या ज्या कपाटांत असतात, त्याच कपाटांत आतां रक्ताच्या किंवा लाळेच्या परीक्षेचा एक रंगीत अहवाल येऊन बसूं लागला आहे. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग, स्मृतिभ्रंश अशा रोगांचीं नांवें त्यांत ओळीनें छापलेलीं असतात. प्रत्येकापुढें हिरवी, पिवळी किंवा तांबडी खूण असते. आणि ज्या डॉक्टरांच्या शिफारशीनें ही परीक्षा झाली त्यांचें नांव असतें. तें नांव पाहून गृहस्थाचें समाधान होतें. भविष्य ज्योतिषानें सांगितलें तर तो भोळसटपणा, आणि तेंच डॉक्टरांमार्फत आलें तर तें शास्त्र, असा त्याचा सरळ हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे आणि त्याची किंमत पुढच्या पिढीला, विशेषतः घरांतील मुलींना, द्यावी लागणार आहे, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आम्ही या शास्त्राचे विरोधक नाहीं. सटवीनें कपाळीं लिहिलें तें टळत नाहीं, मग तें आधीं वाचून काय करावयाचें, असें म्हणून हात जोडून बसणाऱ्यांचा पक्ष आम्हांस मान्य नाहीं. त्या पक्षानें आजवर पुष्कळ माणसें विनाकारण मारलीं आहेत. आम्ही वैद्यकाचे पदवीधर नाहीं, हेंहि आधींच सांगून टाकतों. परंतु संभव आणि निश्चय यांतील भेद विद्यार्थ्यांना समजावून देण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं असल्यामुळें, तो भेद डोळ्यांदेखत मोडला जात असतां गप्प बसणें आम्हांस कठीण वाटतें. आमचा पक्ष थोडक्यांत असा: आनुवंशिक परीक्षा खरी आहे, पण जें घराणें आपल्या मृतांविषयीं खरें बोलतें, त्यालाच ती कामाचें उत्तर देते. जें घराणें आपलीं दुखणीं लपवितें, तें कितीहि पैसे मोजो, त्याच्या पदरांत बहुधा पंचांगच पडतें.

रोगाचा आनुवंशिक धोका म्हणून जें एक गांठोडें दाखविण्यांत येतें, त्यांत दोन अगदीं भिन्न वस्तु बांधलेल्या असतात. कांहीं रोगांत एकाच जनुकांतील बिघाड इतका बलवान् असतो कीं, त्यापुढें इतर कारणें फिकीं पडतात. ‘ब्रॅका-१’ व ‘ब्रॅका-२’ हीं जनुकें या वर्गांतलीं. ज्या स्त्रीच्या अंगीं यांपैकीं एकांत रोगकारक बिघाड असतो, तिला आयुष्यांत स्तनांचा कर्करोग होण्याचा संभव शंभरांत साठाच्या घरांत किंवा त्याहूनहि अधिक असतो. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाहि सामान्य स्त्रीच्या कितीतरी पट होतो. मात्र हें वेळीं कळलें तर तरुणपणापासून नियमित तपासणी ठेवतां येते, आणि मुलेंबाळें झाल्यावर अंडाशय व बीजवाहिन्या काढून घेतल्या तर त्या अवयवांच्या कर्करोगाचा धोका सुमारें ८० टक्क्यांनीं घटतो. तसाच एक विकार कोलेस्टेरॉलचा. जन्मापासूनच रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढविणारी ही आनुवंशिक खोड सुमारें तीनशें माणसांत एकास असते. ती ओळखली तर साध्या गोळ्यांनीं ऐन चाळिशींतला हृदयविकाराचा झटका पुष्कळ वेळां टाळतां येतो. अशा ठिकाणीं परीक्षेला नाहीं म्हणणें हा निव्वळ अविचार होय.

दुसरी वस्तु निराळी. मधुमेह, रक्तदाब, नेहमींचा हृदयविकार यांच्या मागें एखादें बलाढ्य जनुक क्वचितच असतें. शेंकडों, किंबहुना हजारों ठिकाणच्या बारीक फरकांचे कणाएवढे परिणाम एकत्र करून एक बेरीज काढण्यांत येते, आणि त्या बेरजेवरून तुमचा धोका सरासरीपेक्षां अधिक कीं उणा हें सांगण्यांत येतें. समजा, एखादा रोग शंभरांत एकास होतो. अहवालांत ‘दुप्पट धोका’ असें तांबड्या अक्षरांत छापून आलें. घरांत रडारड होते. वस्तुतः दुप्पट म्हणजे शंभरांत दोन. उरलेले अठ्ठ्याण्णव त्या रोगाचें तोंडहि पाहणार नाहींत. हें अंकगणित प्राथमिक शाळेंतलें आहे, परंतु तांबड्या खुणेपुढें भल्याभल्यांना तें आठवत नाहीं.

शिवाय ही बेरीज मुळांत कोणाच्या मापानें काढलेली असते? अशा संशोधनांत जगभर भाग घेतलेल्या माणसांपैकीं सुमारें ७९ टक्के युरोपीय वंशाचीं होतीं, असें २०१९ सालीं ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकांत दाखवून देण्यांत आलें. त्यांच्या मापानें शिवलेला अंगरखा सांगलीच्या किंवा अमरावतीच्या माणसाला नीट बसेलच, असें कोणताहि प्रामाणिक शिंपी सांगणार नाहीं. दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचण्याचा ‘जिनोम इंडिया’ प्रकल्प २०२० सालीं सुरू झाला आणि त्याची सामग्री जानेवारी २०२५ मध्यें संशोधकांस खुली झाली. म्हणजे आपली मोजपट्टी आतां कोठें घडूं लागली आहे. अहवाल मात्र केव्हांच छापून तयार आहेत.

या अहवालांतील ओळी काळाबरोबर आपला अर्थ कशा बदलतात, याचें एक उदाहरण आपल्याच देशांतलें आहे. हृदयाच्या स्नायूंतील एका प्रथिनाच्या जनुकांतून पंचवीस अक्षरें गळालेलीं असण्याचा प्रकार सुमारें शंभर भारतीयांत चौघांच्या अंगीं आढळतो. २००९ सालीं त्याचा संबंध हृदयाच्या स्नायूंच्या विकारांशीं जोडण्यांत आला. पुढें २०२० मध्यें झालेल्या फेरविचारांत असें दिसून आलें कीं, स्नायु जाड होण्याच्या विकारापुरता तरी खरा दोष त्या गळतीचा नसून, कांहीं थोड्यांच्या ठिकाणीं तिच्या सोबतीनें येणाऱ्या दुसऱ्याच एका फरकाचा असावा. शास्त्र आपली चूक अशी सुधारतें, हा त्याचा मोठेपणाच आहे. परंतु ज्या कोट्यवधि लोकांच्या रक्तांत ही गळती आहे, त्यांपैकीं एखाद्याच्या कपाटांतला जुना अहवाल कोण सुधारणार?

मग खरें जनुक आणि खोटी भीति यांची निवड कशी करावयाची? येथेंच घराण्याचा प्रश्न येतो. हें शास्त्र प्रयोगशाळेंतील नळ्यांतून एकाएकीं निपजलें, असा पुष्कळांचा समज आहे. तें निपजलें कुटुंबांच्या कबुलीजबाबांतून. मेरी-क्लेअर किंग या विदुषीनें स्तनांच्या कर्करोगाचें एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचें १९९० सालीं दाखविलें, तें २३ कुटुंबांतील १४६ रुग्णांच्या आधारें. त्या कुटुंबांतील माणसांनीं आपल्या आया, मावश्या, आत्या कशानें गेल्या हें सांगितलें नसतें, तर तें जनुक सांपडण्यास आणखी किती काळ लागला असता कोण जाणे. हंटिंग्टनच्या व्याधीची कथा याहून बोलकी आहे. या व्याधींत प्रौढ वयांत हातपाय आवरेनासे होतात आणि हळूहळू बुद्धिहि ढांसळते. आईबापांपैकीं एकास ती असली तर प्रत्येक अपत्याला ती होण्याचा संभव निम्मा असतो. नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला ही व्याधि असल्याचें निदान १९६८ सालीं झालें, तेव्हां कोठें आपल्या रक्तांत काय आहे याची मुलींना वार्ता लागली. पुढें याच नॅन्सी वेक्सलर व्हेनेझुएलांतील माराकायबो सरोवराच्या कांठच्या गांवांतून वर्षानुवर्षें हिंडल्या; तेथील कुटुंबांची वंशावळ वाढतां वाढतां अठरा हजारांहून अधिक माणसांची झाली. त्या दरिद्री कोळ्यांनीं आपलें दुःख बोलून दाखविलें व आपलें रक्त दिलें, आणि १९८३ सालीं त्या जनुकाचा ठाव लागला. ज्यांच्या घरांत लपविण्याजोगी प्रतिष्ठा नव्हती, त्यांनीं जगाला हें ज्ञान दिलें आहे.

आतां आपल्या प्रतिष्ठित घरांकडे वळूं. कोणत्याहि दिवसाच्या वर्तमानपत्रांतील निधनवार्ता वाचाव्या. ‘अल्पशा आजारानें’, ‘दीर्घ आजारानंतर’, ‘वृद्धापकाळानें’, या तीन शब्दप्रयोगांत सगळ्या महाराष्ट्राचे मृत्यु आटोपतात. गेलेल्याचा हुद्दा येतो, त्यानें भूषविलेलीं पदें येतात. ‘त्यांच्या पश्चात् पत्नी, दोन मुलगे, एक विवाहित मुलगी, सुना, नातवंडें असा परिवार आहे’ हेंहि न चुकतां येतें. आजाराचें नांव तेवढें येत नाहीं. आणि त्या नांवाची सर्वांत अधिक गरज असते ती नेमकी या परिवाराला! आमच्या कित्येक घराण्यांनीं मोठ्या हौसेनें व खर्चानें आपले कुलवृत्तांत छापले आहेत. मूळ गांव, कुलदैवत, इनाम, पदव्या, परदेशगमन, सर्व कांहीं त्यांत सांपडतें. कोण कोणत्या रोगानें गेला याचें पान त्यांत सहसा सांपडत नाहीं. आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची शाखा तर बहुधा तिच्या सासरच्या आडनांवापाशींच संपते. जणुं काय रक्तहि आडनांवाबरोबर उंबरठ्यावर ठेवून ती पुढें गेली!

या अर्धवट वंशावळीनें काय होतें, हें पाहण्यासारखें आहे. ‘ब्रॅका’सारख्या जनुकांतील बिघाड आईकडून येतो तितकाच बापाकडूनहि येऊं शकतो. बाप धडधाकट असतो; पण त्याच्या बहिणी, म्हणजे मुलीच्या आत्या, ऐन तारुण्यांत गेलेल्या असतात. त्यांच्याविषयीं घरांत इतकेंच बोललें जातें कीं, ‘तिला बायकांचें कांहीं दुखणें होतें.’ मुलगी डॉक्टरांकडे जाते. ‘आईला असा कांहीं विकार होता काय?’ असें डॉक्टर घाईघाईनें पुसतात. ‘नाहीं,’ असें ती प्रामाणिकपणें सांगते. आत्यांचा विषय निघतच नाहीं. येथें कोणीहि खोटें बोललें नाहीं, आणि तरीहि एक जीव सत्यावांचून राहिला.

कोणी म्हणेल कीं, म्हणून तर सरसकट सर्वांची रक्तपरीक्षा करावी. म्हणजे घराण्यानें तोंड उघडण्याची गरजच उरणार नाहीं. ही आशा फोल आहे. एखाद्या घरांत आनुवंशिक कर्करोगाचा शोध घ्यावयाचा, तर शक्य तों ज्या व्यक्तीला तो रोग झाला आहे तिच्यापासूनच परीक्षेला आरंभ करावा, असा या शास्त्राचा नियम आहे. तिच्या अंगचा नेमका बिघाड सांपडला, कीं इतरांत तोच आहे कीं नाहीं हें निश्चित सांगतां येतें. उलट, निरोगी मुलीचीच परीक्षा प्रथम केली आणि कांहीं सांपडलें नाहीं, तर ती सुटली, कीं घराण्यांतला दोष या परीक्षेच्या जाळ्यांत आलाच नाहीं, हें कळण्यास मार्ग राहत नाहीं. पुष्कळदां तर ‘फरक आढळला, परंतु त्याचा अर्थ अनिश्चित’ असेंच उत्तर येतें. आणि त्या अनिश्चित फरकाचा अर्थ लावण्यासहि पुनः नातेवाइकांचाच इतिहास लागतो. हिरव्या खुणेचें संकट आणखी निराळें. स्तनांच्या कर्करोगांपैकीं शंभरांत फार तर पांच ते दहा आनुवंशिक असतात. बाकीचे घराण्यांत कांहीं नसतां होतात. हिरवी खूण पाहून जी स्त्री पुढच्या तपासण्या सोडून देते, तिला त्या कागदानें मदत केली कीं घात केला, हें वाचकांनींच ठरवावें.

‘परंतु हें सर्व डॉक्टरांमार्फत होतें ना?’ हा प्रश्न आम्हांस नेहमीं विचारण्यांत येतो. परीक्षेच्या दारावर डॉक्टर असावा, हें आम्हांसहि मान्य आहे. पण दारावरचा माणूस जागा आहे कीं नाहीं, हें कोणी पाहावयाचें? या बाबतींत महाराष्ट्राचा इतिहास विसरण्याजोगा नाहीं. गर्भजलाची परीक्षा आपल्याकडे आली ती गर्भाचे आनुवंशिक दोष ओळखण्याच्या पवित्र नांवानें, आणि तीहि डॉक्टरांच्याच हातून. पाहतां पाहतां ती मुलीचा गर्भ हुडकून काढण्याचें हत्यार बनली. तिला आळा घालण्यासाठीं देशांत पहिला कायदा आपल्या राज्याला १९८८ सालीं करावा लागला, आणि मग १९९४ सालीं सर्व देशासाठीं कायदा झाला. गिऱ्हाईक सुशिक्षित होतें, करणारा पदवीधर होता, यंत्र निर्दोष होतें. तरीहि हें झालें. आज ज्या दवाखान्यांत रोग्यास पांच मिनिटें मिळणें मुष्कील, तेथें निरोगी माणसाच्या पुढील चाळीस वर्षांचें भाकीत कोणत्या वेळांत समजावून देण्यांत येणार आहे? आनुवंशिक सल्ला देण्याचें शिक्षण घेतलेलीं माणसें या एवढ्या मोठ्या देशांत अत्यंत थोडीं आहेत. उरतो तो छापील कागद. आणि जेथें ‘कट’ची प्रथा शिरली आहे, तेथें त्या कागदामागें डॉक्टरांच्या हिश्शाची शंकाहि उरते. कर्तव्यदक्ष डॉक्टरांना या शब्दांचा राग येऊं नये. आमचें भांडण त्यांच्यासाठींच आहे.

‘ज्ञान कितीहि झालें तरी वाईट कसें?’ असा एक तात्त्विक आक्षेपहि घेण्यांत येतो. ज्ञान वाईट नाहीं. पण कोणतें ज्ञान केव्हां मागावयाचें, हें ठरविण्याचा अधिकार माणसाचा आहे. डी. एन. ए.ची रचना उलगडणाऱ्या दोघांपैकीं एक जे जेम्स वॉटसन, त्यांचा सबंध जनुकसंच २००७ सालीं वाचण्यांत आला. त्यांनीं तो जगापुढें खुला केला. परंतु वृद्धपणच्या स्मृतिभ्रंशाशीं संबंध असलेलें एक जनुक तेवढें आपणांस सांगूं नये, असें बजावलें. ज्यावर उपाय नाहीं त्याची चाहूल त्यांस नको होती. ज्याला या शास्त्राचा जनक म्हणावें, तो जें दार स्वतःसाठीं बंद ठेवतो, तें आमचा गृहस्थ वाढदिवसाच्या भेटीदाखल मिळालेल्या तपासणीच्या संचांत, न विचारतां, उघडून बसतो!

आणि या कागदाचा प्रवास कपाटापाशीं थांबेल, अशा भ्रमांत कोणी राहूं नये. ज्या समाजांत मुलीची पत्रिका मागण्याची रीत आहे, त्या समाजांत तिचा जनुकीय अहवाल मागण्याची रीत पडावयास वेळ लागणार नाहीं. तो आधीं मुलीचाच मागण्यांत येईल, हें सांगण्यास ज्योतिष नको. सिकलसेल किंवा थॅलसेमिया यांची गोष्ट निराळी. तेथें वधू आणि वर दोघेहि वाहक असतील तरच प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव एकचतुर्थांश असतो; म्हणून दोघांची परीक्षा योग्यच आहे. विदर्भांत व नंदुरबारकडे हा प्रश्न खरा आहे, आणि सिकलसेलच्या निर्मूलनासाठीं २०२३ सालीं राष्ट्रीय मोहीमहि सुरू झाली आहे. परंतु वाहक म्हणजे रोगी नव्हे, आणि दोघांची परीक्षा म्हणजे एकटीची परीक्षा नव्हे, हें ज्या घराला समजत नाहीं, त्याच्या हातीं हें ज्ञान म्हणजे मुलीला नाकारण्याचें आणखी एक निमित्त होय. अमेरिकेनें २००८ सालीं कायदा करून नोकरी व आरोग्यविमा यांत जनुकांवरून भेदभाव करण्यास बंदी केली. आयुर्विमा मात्र तिनेंहि मोकळाच ठेवला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाहीं. तो व्हावा, ही मागणी सुशिक्षितांनीं केली नाहीं तर कोणी करावयाची?

तेव्हां आमचें मागणें असें. डॉक्टरांनीं सुईला हात लावण्यापूर्वीं कागद घ्यावा आणि आईकडच्या व बापाकडच्या तीन पिढ्यांची वंशावळ, रोग व मृत्यूच्या वयासह, त्यावर काढावी. उत्तर होय आलें, नाहीं आलें किंवा अनिश्चित आलें, तर पुढें काय करावयाचें, हें तिन्ही परींनीं आधींच सांगावें. सांगतां येत नसेल तर ती परीक्षा लिहून देऊं नये. आणि लग्नाच्या बोलण्यांत असा कागद मागणाऱ्या घराला, त्याची प्रतिष्ठा कितीहि थोर असो, स्वच्छ नकार द्यावा.

परंतु सर्वांत मोठें मागणें आपणां कुटुंबवत्सल वाचकांकडे आहे, आणि त्याला एक पैसाहि लागत नाहीं. श्राद्धाच्या दिवशीं आपण पिता, पितामह, प्रपितामह अशीं तीन पिढ्यांचीं नांवें उच्चारतों, आणि मातामहाकडील तीन पिढ्यांचेंहि स्मरण करतों. हें शास्त्रहि नेमक्या तेवढ्याच पिढ्या आणि त्याच दोन बाजू विचारतें. पूर्वजांनीं सांचा तयार करून ठेवला आहे. आपण त्यांत नांवें घालतों, वृत्तांत घालीत नाहीं. पुढच्या पितृपक्षांत घरांतील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ एक वही घेऊन बसावें. आत्या कशानें गेली, मामांना काय झालें होतें, मावशीचें तें पोटाचें दुखणें म्हणजे नेमकें काय, हें विचारावें आणि जें ती सांगेल तें वयासकट लिहून घ्यावें. ती प्रथम विषय टाळील. लग्नाच्या मुली घरांत आहेत असें खुणावील. तिला सांगावें कीं, त्या मुलींसाठींच हें विचारीत आहों.